एका चालीनं

३ जून २०२२च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अमरावती-अकोला महामार्गावर डांबरीकरणाचं एक काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी ५ वाजता संपलं. मधले १०५ तास ३३ मिनिटं ते सलग चाललं. ७२० माणसं रात्रंदिवस राबली. एकपदरी हिशोबानं ७५ किलोमीटर, म्हणजे दोन पदरांचा साडेसदतीस किलोमीटर रस्ता एका दमात अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २०१९चा, २५.२७५ किलोमीटरचा.

तेव्हा सगळीकडे वेगाचं कौतुक झालं. मला त्या आकड्यांत दुसरंच काही दिसत राहिलं. ७५ किलोमीटरला १०५ तास ३३ मिनिटांनी भागून पाहा. ताशी साधारण ७१० मीटर येतात. मिनिटाला जेमतेम १२. नुकतं चालायला लागलेलं लेकरूसुद्धा या सरासरीच्या पुढे निघून जाईल. या कामाची थोरवी मला वाटते ती वेग फार वाढवला यात नव्हे, तो टिकवला यात. वेग टिकणं म्हणजे नेमकं काय, हे मी मूर्तिजापूरला नववीच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आहे. ‘संतुलित बल’ हा भाग. फळ्यावर एक ठोकळा काढायचा, त्याला दोन बाजूंनी सारख्या लांबीचे बाण काढायचे आणि सांगायचं की हा ठोकळा एकसमान वेगानं चालला आहे. त्या ठोकळ्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला.

डांबर अंथरणाऱ्या यंत्राला कामावरची माणसं पेव्हर म्हणतात. कुरुमच्या आसपास अशा एका कामाशेजारी मी बराच वेळ उभी राहिले होते. यंत्राच्या तोंडाशी मोठा हौद असतो, त्यात टिप्पर गरम माल ओततो. आतले पट्टे तो माल मागे नेतात, आडवे फिरणारे स्क्रू तो रस्त्याच्या रुंदीभर पसरतात आणि त्यामागून येते ती स्क्रीड, म्हणजे तापवलेली जड लोखंडी पाटी. ही पाटी मालावरून सरकत जाते आणि तिच्या मागे काळाभोर, वाफाळणारा पट्टा तयार होऊन बाहेर पडतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की पाटी ठरावीक उंचीवर पक्की बसवली असणार. तसं नसतं. ती दोन लांब बाह्यांना जोडलेली असते, बाह्या यंत्राच्या अंगाशी बिजागरीवर असतात, आणि मागची पाटी गरम मालावर अक्षरशः तरंगत असते. ही युक्ती १९३०च्या दशकात अमेरिकेत निघाली आणि आजही पेव्हर त्याच तत्त्वावर चालतात.

आता त्या पाटीवर काय काय चाललेलं असतं ते पाहा. बाह्या तिला पुढे ओढतात. माल घासून तिला मागे धरतो. तिचं स्वतःचं वजन तिला खाली दाबतं. खालचा माल तिला वर उचलून धरतो. तिच्या पुढ्यात साठलेला मालाचा ढीग तिला मागे रेटतो आणि वरही चढवू पाहतो. या पाच जोरांची ओढाताण जिथे एकमेकांना पुरी पडते, त्या उंचीवर पाटी येऊन राहते. मग ती चढत नाही, बुडत नाही. त्याच पातळीवरून पुढे सरकत राहते, आणि रस्त्याची जाडी सारखी येते. यंत्रानं वेग वाढवला की पाटी किंचित बुडते आणि थर पातळ होतो. मंदावलं की थर जाड होतो. पुढ्यातला ढीग वाढला की पाटी चढते. यंत्र थांबलं तर पाटी तिथेच मालात बसते, आणि पुन्हा निघताना रस्त्यावर आडवा उंचवटा सोडून जाते. त्या जागी गाडी पुढे कित्येक वर्षं ‘धप्’ करते.

म्हणूनच त्या कामावरची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. टिप्पर मागे घेणारा एक पोरगा होता. तोंडाला गमछा, पायात डांबरानं माखलेले बूट. तो हातानं ‘ये, ये’ करत टिप्परला मागे आणायचा आणि पेव्हर हातभर लांब असताना मूठ वळून थांबवायचा. टिप्परनं पेव्हरपर्यंत पोचायचं नसतं. त्यानं न्यूट्रलमध्ये उभं राहायचं आणि पेव्हरनंच आपल्या संथ चालीनं येऊन त्याच्या मागच्या चाकांना आपले लोखंडी रोलर टेकवायचे, मग त्या भरलेल्या टिप्परला ढकलत पुढे न्यायचं. टिप्परचा जरासा धक्का बसला तरी ती सगळी बरोबरी मोडते आणि धक्क्याची खूण रस्त्यावर उमटते. जूनमधलं वऱ्हाडातलं ऊन, शेजारी दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल, आणि त्यात तो पोरगा हातभर अंतर राखत होता. मागे एक माणूस थोड्या थोड्या अंतरावर सळई खुपसून जाडी पाहत होता. दोघांनाही न्यूटनशी काही देणंघेणं नव्हतं आणि दोघंही त्याच्या पहिल्या नियमाची राखण करत होते.

हा रस्ता म्हणजे जुना सहा नंबर. आता त्याला त्रेपन्न म्हणतात. सुरतेकडून धुळे, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर करत तो पूर्वेला जातो. बडनेरा ते बोरगाव मंजू या टापूत त्यानं आम्हां लोकांना फार रडवलं आहे. काम कित्येक वर्षं रखडलं, खड्ड्यांनी माणसांचे मणके खिळखिळे केले, बाळंतपणाला अमरावतीला न्यायचं म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. त्या दिवसांत एसटीत बसलं की अंग क्षणभर निवांत नसे. आता त्याच रस्त्यावर बस एकदा लयीत आली की सीटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी घरातल्या फडताळावर असल्यासारखं शांत राहतं. खिडकीतून पळसाची झाडं मागे पळतात म्हणून कळतं की आपण चाललो आहोत. डोळे मिटले तर इंजिनाची घरघर तेवढी राहते, वेग कुठेच सापडत नाही. गॅलिलिओनं १६३२ सालच्या आपल्या ग्रंथात हेच जहाजाच्या बंद खोलीबद्दल लिहिलं: जहाज संथ पाण्यावर एका वेगानं चाललं असेल, तर आतल्या माणसाला कुठल्याही प्रयोगानं कळणार नाही की ते चाललं आहे की धक्क्याला बांधलेलं आहे. शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. खड्डा जाणवतो, ब्रेक जाणवतो, वळण जाणवतं. आमच्या या रस्त्यानं ही दोन्ही टोकं आम्हांला अंगावर दाखवली.

मूर्तिजापूरला शकुंतला या अरुंद रुळांच्या रेल्वेगाडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथून एक फाटा अचलपूरला जायचा, ७६ किलोमीटर. दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे अडीच फूट. मुंबईच्या किलिक निक्सन या गोऱ्यांच्या पेढीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन उभी केली ती कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथे मोठ्या गाडीत चढवायचा, मुंबईला न्यायचा आणि बोटीनं मँचेस्टरला. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बांधलेलं. १९२३पासून ते इथे धावलं आणि १५ एप्रिल १९९४ला डिझेलनं त्याची जागा घेतली. सत्तर वर्षांहून अधिक काळ एका इंजिनानं पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं वाहिली.

अचलपूरची गाडी ७६ किलोमीटरला चार तास घ्यायची. पथ्रोट, अंजनगाव, कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी. थांबे धरून ताशी एकोणीस-वीस किलोमीटर. बाहेरची माणसं तिला हसायची. तिच्यात बसलेली माणसं हसत नव्हती, कारण गरिबाला परवडणारी दुसरी गाडी त्या वाटेवर नव्हती. पूर्णेचं खोरं सपाट आहे; एकदा गाडी लयीला लागली की स्टेशन येईपर्यंत तिची चाल बदलत नसे. सुटतानाचा प्रकार मात्र वेगळा. इंजिन आधी एकटंच हलायचं, मग पहिल्या डब्याची कडी ताणली जायची, मग दुसऱ्याची. ‘खट्, खट्, खट्’ असा आवाज इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत धावत जायचा आणि उभी असलेली माणसं एकापाठोपाठ एक मागे झुकायची.

याच गाडीवर मी वर्गात प्रश्न घालायची. गाडी बनोशाहून सुटली, लयीला लागली, आता एका वेगानं सरळ चालली आहे. इंजिनाची ओढ जास्त, की गाडीला मागे धरणारा विरोध जास्त?

सगळा वर्ग एका आवाजात म्हणायचा, “इंजिनाची ओढ!” एकदा मागच्या बाकावरच्या एका पोरानं त्याला पुस्तीही जोडली: “जास्त हाय म्हणून त चालून रायली ना मॅडम. बरोबर असती त थांबली नसती काय?”

त्याचं म्हणणं सरळ अनुभवातून आलेलं होतं, आणि अनुभवाशी वाद घालणं पुस्तकाशी वाद घालण्यापेक्षा अवघड असतं. त्याच्या बापाची बैलगाडी त्यानं पाहिली होती. बैल थांबले की गाडी थांबते. काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर तर चाक चार बोटं रुतलेलं असतं. बैलांनी मान टाकली की गाडी जागच्या जागी. तेव्हा चालण्यासाठी सतत जास्तीची ओढ हवी, हे त्याला दिसत होतं. त्याला दिसत नव्हता तो मागे धरणारा हात. चिखल, आसाला घासणारं चाक, हवा, ही सगळी त्या गाडीला सतत मागे खेचत असतात, आणि बैलांची ओढ बरोबर तेवढ्याचीच भरपाई करत असते. गाडी निघताना ओढ विरोधापेक्षा जास्त होती हे खरं. त्या जास्तीनं गाडीला वेग दिला. वेग मिळाल्यावर जास्तीचं काम संपलं. पुढे जोवर गाडी एका चालीनं आहे, तोवर ओढ आणि विरोध तोळ्या-माशानं बरोबर आहेत. ओढ सतत विरोधापेक्षा जास्तच राहिली असती तर गाडीचा वेग वाढत गेला असता. शकुंतला दर्यापूरच्या शिवारात ताशी चाळीस, मग साठ, मग शंभर झाली असती.

हे सांगताना मी नेहमी आमच्या शिवारापासून फार लांब जायची. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सूर्यमालेच्या ग्रहांना कितीतरी मागे टाकून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललं आहे. त्याला पुढे ढकलणारं इंजिन आता चालू नाही. तिथे घासायला चिखल नाही, हवा नाही, सूर्याची ओढही फार क्षीण झालेली. मागे धरणारं कुणी नाही, म्हणून पुढे ओढणाऱ्याचीही गरज नाही. शकुंतलेच्या इंजिनाला कोळसा लागायचा तो चालण्यासाठी नव्हे. घासणाऱ्या रुळांचं, कुरकुरणाऱ्या बेअरिंगांचं आणि समोरच्या वाऱ्याचं देणं भागवण्यासाठी लागायचा. न्यूटननं १६८७ साली हे लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे ग्रह होते. आमच्यापुढे चिखल आहे, म्हणून आम्हांला ते उशिरा पटतं.

या धड्यातली सगळ्यात खोल गोष्ट मात्र मला स्वतःलाही फार उशिरा भिडली. ती पुस्तकात एका ओळीत असते आणि पोरं ती पाठ करून मोकळी होतात. उभ्या असलेल्या वस्तूवरचं एकूण बल शून्य. एकसमान वेगानं सरळ चाललेल्या वस्तूवरचं एकूण बलही शून्य. निसर्गाच्या लेखी या दोन स्थिती एकच आहेत.

शकुंतला आता चालत नाही. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवेदनं गेली, आंदोलनं झाली. गाडी बंद पडल्यावर मी त्या रुळांशेजारी उभी राहिले आहे. स्लीपरांमधून गाजरगवत उगवलेलं, रुळांवर लाल गंज. तिथे उभ्या असलेल्या डब्याला वजन खाली दाबतं, रूळ तेवढ्याच जोरानं वर धरतात; बेरीज शून्य. तोच डबा कापूसतळणीवरून एका चालीनं जात असतानाही बेरीज शून्यच होती. गणितात दोघांत काही फरक नाही, आणि अंजनगावच्या बाजाराला भाजीची गाठोडी घेऊन जाणाऱ्या बाईच्या आयुष्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी या नियमावर फार प्रेम करते, तरी इथे मला तो अपुरा वाटत राहतो. नियम खोटा नाही. त्याला फक्त बल दिसतं. ती शून्यं कशाची बनली आहेत ते दिसत नाही. उभ्या डब्याच्या शून्यात फक्त वजन आणि रूळ आहेत. चालत्या डब्याच्या शून्यात वाफ आहे, कोळसा मारणारा फायरमन आहे, रुळांची घासण आहे, समोरचा वारा आहे, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण ताकदीनं लावलेला जोर आहे. बेरीज सारखी म्हणून दोन्ही शून्यांची किंमत एकच धरायला माझं मन तयार होत नाही.

महामार्गाचं ते काम ७ जूनला संपलं. मृग लागतं ते ७-८ जूनला. डांबर आणि पाऊस यांचं जमत नाही. ओल्या जमिनीवर डांबर धरत नाही, पावसात माल थंड पडतो. त्यामुळे रस्त्याची माणसं आवरती घेतात आणि शेतकरी आभाळाकडे पाहायला लागतो, ते दिवस आमच्याकडे एकच असतात. मृग लागलं म्हणून पाऊस येतोच असं नाही. वखरलेली वावरं तापत पडलेली असतात, भेगांमध्ये हात जाईल एवढी जमीन फाटलेली असते, आणि सगळा वऱ्हाड वाट पाहत असतो.

आणि मग तो येतो. आला की मी अंगणात उभी राहून भिजते, आणि दरवर्षी एकाच गोष्टीनं थक्क होते: हे पाणी दीड-दोन किलोमीटर उंचीवरून पडतं आहे आणि तरी मला लागत नाही.

हिशोब करून पाहा. हवा नसती तर दीड किलोमीटरवरून सुटलेला थेंब जमिनीवर पोचताना ताशी सहाशे किलोमीटरच्या वर गेला असता. नुकती दोन पानांवर आलेली पऱ्हाटी त्यानं चिंधड्या करून टाकली असती. प्रत्यक्षात काय होतं? थेंब सुटतो, वजनानं वेग घेतो. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो; वजन मात्र तेवढंच राहतं. पाच-सहा मीटर पडल्यावरच विरोध जवळजवळ वजनाइतका होतो. त्यानंतर थेंबाचा वेग वाढत नाही. उरलेला सगळा प्रवास, तीन-चार मिनिटांचा, तो एका चालीनं करतो. माझ्या कपाळावर पडणारा प्रत्येक थेंब वरपासून खालपर्यंत ओढ आणि विरोध यांच्या तंतोतंत बरोबरीत आलेला असतो.

रॉस गन आणि गिल्बर्ट किंझर या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४९ साली थेंबांचे हे वेग काटेकोर मोजले. अर्ध्या मिलिमीटरचा रिमझिमीचा थेंब सेकंदाला २ मीटरनं पडतो. दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटरनं. पाच मिलिमीटरचा, पहिल्या टपोऱ्या सरीतला, नऊ मीटरनं, म्हणजे ताशी तेहेतीस किलोमीटरच्या आसपास. थेंब मोठा झाला की वजन झपाट्यानं वाढतं, हवेला अडवणारं त्याचं तोंड तेवढं वाढत नाही, म्हणून मोठा थेंब जोरात येतो. पण त्यालाही सीमा आहे. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे हवाच त्याला फोडून त्याचे बारके थेंब करते. चित्रात काढतात तसा टोकदार थेंब आभाळात कुठेच नसतो. मोठा थेंब थापायला घेतलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखा तळाशी चपटा होऊन येतो, कारण खालून हवा त्याला दाबत असते. त्या चपट्या तळाकडे मी समतोलाची खूण म्हणून पाहते. आणि आकडे पाहताना एक योगायोग सापडला तो इथे सांगायलाच हवा: दीड मिलिमीटरचा थेंब ताशी एकोणीस-वीस किलोमीटरनं पडतो. शकुंतलेची सरासरी चाल तीच.

पाऊस लागत नाही म्हणजे त्याला जोर नाही असं नव्हे. तो ढेकळं फोडतो, उघड्या रानातली माती उडवतो, धुऱ्याच्या कडेनं गाळ वाहून नेतो. पण त्याच्या माऱ्याला एक कमाल मर्यादा आहे आणि ती ढगाच्या उंचीवर अवलंबून नाही. ढग एक किलोमीटरवर असो की चारवर, थेंब आपल्या चालीनं येणार. शेती शक्य आहे ती या एका गोष्टीमुळेही, असं मला मनापासून वाटतं. इतक्या उंचीवरून इतकं पाणी, आणि खाली ते झेलायला कोवळी पालवी.

कृषी खातं दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा झाला, जमिनीला वाफसा आला की पेरणी. आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आली आहेत. त्यांत बी सोडणारी चकती जमिनीवर फिरणाऱ्या चाकाला जोडलेली असते. ट्रॅक्टर जोरात गेला तर चकतीही जोरात फिरते, हळू गेला तर हळू, त्यामुळे दोन दाण्यांतलं अंतर चुकत नाही. यंत्रानं चालीची जबाबदारी माणसाकडून काढून घेतली. बैलांनी ओढायच्या तिफणीत ती सोय नाही. विठ्ठल वाघांच्या कवितेमुळे तिफण वऱ्हाडाबाहेरही घराघरांत पोचली, पण ती चालताना जवळून पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.

दर्यापूरच्या बाजूला एका ओळखीच्या वावरात मी ती अलीकडेच पाहिली. पुढे बैलजोडी, मागे तिफण धरणारा, आणि तिफणीमागे चाड्यावर मूठ धरून चालणारी साठीची मावशी. ओटीत ज्वारीचं बी. चाड्याच्या तोंडाशी तिची मूठ, आणि अंगठा व बोटांच्या फटीतून एकेक दाणा निसटून तिन्ही नळ्यांत जात होता. ती दाण्यांकडे पाहत नव्हती. नजर बैलांच्या पायांवर होती. फणाचे दाते जमिनीत चार बोटं शिरलेले, ओली काळी माती त्यांना धरून ठेवत होती, बैल तेवढ्याच जोरानं ओढत होते, आणि तिफण सरळ, एका चालीनं चालली होती. वावराच्या मध्यावर एक चोपणाचा पट्टा आला. माती एकदम चिवट झाली, बैलांच्या माना खाली गेल्या, चाल मंदावली. त्याच क्षणी मावशीची बोटं आवळली गेली. पट्टा संपला, बैलांनी पुन्हा चाल धरली, बोटं सैल झाली.

तास संपल्यावर ती धुऱ्यावर पाणी प्यायला बसली तेव्हा मी विचारलं, “मावशी, मूठ किती सोडायची हे कसं कळतं?”

“मुठीले काय कयते बाई,” ती म्हणाली. “ते बैलाले कयते. बैल एका चालीनं चालले पायजे, बस. जमिनीनं धरलं का बैल दमते, अन् बैल दमले का मूठ बी दमली पायजे. नाई त दाट पडते.”

“आणि बैल पळाले तर?”

“पयाले त इरय पडते. मंग पोट्टे म्हनतात बी खराब निंगालं.” ती हसली आणि ओटी सावरून उठली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या बाजूला गेले तेव्हा ज्वारी चार बोटं वर आली होती. ओळींमध्ये दोन रोपांतलं अंतर वावरभर इतकं सारखं होतं की पाहत राहावं. चोपणाच्या पट्ट्यात डोळ्यांना काही फरक दिसला नाही; तिथे मावशीची बोटं वेळेवर आवळली होती. दाट रोपं होती ती फक्त दोन्ही धुऱ्यांपाशी, जिथे बैल वळायच्या आधी मंदावतात आणि वळून पुन्हा चालीला लागेपर्यंत दोन-चार पावलं घेतात. मावशी आणि तिची सून तिथेच वाकून विरळणी करत होत्या.